पत्रिकेतला 'व'

माझा भाऊ केतन ग्लासगोला एका दवाखान्यात नर्स आहे. तिथे जाऊन त्याला सात वर्षं झाली आणि एवढ्यात तो तिथल्या लोकांपेक्षा जास्त स्कॉटिश झाला आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, याचे सात वर्षांत संपले नाहीत. गेल्या डिसेंबरात गावी आला तो डोक्यावर चौकडीची लोकरी टोपी घालून. डिसेंबर असला तरी आमच्या रत्नागिरीत दुपारी घाम फुटतो. आई म्हणाली, काढ ती, आतलं शिजेल. त्याने काढली नाही.

शेजारची सोनूबाई त्याला बघायला आली आणि सहज म्हणून गेली की इंग्रजांच्या देशात राहून पोर गोरं झालं. झालं! केतनने तिला बसवून घेतलं आणि समजावलं की स्कॉटलंड वेगळं, इंग्लंड वेगळं, आणि स्कॉटिश माणसाला इंग्रज म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर शिवी देणं. लंडनवाले त्यांना आपलं म्हणतात तेही सोयीने. "त्यांचा खेळाडू जिंकला ना, की पेपरात येतं, ब्रिटिश खेळाडू जिंकला. तोच हरला की स्कॉटिश खेळाडू हरला." सोनूबाईने चहा संपवला आणि ती उठून गेली. आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आनि तुजे ते स्कॉटवाले हितं काय आंबे विकायला आले व्हते?"

केतन टोपी नीट करत पडवीत जाऊन बसला.

मी आम्रपाली, त्याची मोठी बहीण. रत्नागिरीला दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते, रोज एसटीने जाऊन येऊन. दिवसभर लोकांची नावं-गावं लिहून घेते. गाव विचारलं की आमची माणसं गावाचं नाव सांगून थांबत नाहीत, न विचारता वाडीही सांगतात. नाही सांगितली तर पुढचा प्रश्न कोणता येणार, हे त्यांना ठाऊक असतं. मला या गोष्टीचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. खिडकीवरची आम्रपाली तोंडाची फटकळ आहे असं लोक म्हणतात, ते खरं आहे.

आमचं गाव पूर्णगडच्या रस्त्याला आत वळल्यावर लागतं. वर देऊळ, शाळा आणि गाव. खाली ओढ्यावर साकव, आणि साकवाच्या अलीकडे आमची बौद्धवाडी. माझे वडील रामजी पलटणीच्या बँडात पाइप वाजवायचे. पाइप म्हणजे ती काखेत धरायची पिशवी, तिच्यातून वर निघालेल्या तीन नळ्या आणि बोटांखाली एक बासरीसारखी नळी. हवालदार होऊन रिटायर झाले आणि येताना एक जुनी पाइप मिळवून आणली. मग वर्गणीतून आणखी दोन पाइप घेऊन आणि वाडीतल्या पोरांना शिकवून त्यांनी बँड उभा केला. मी त्यात साइड ड्रम वाजवते, चुलतभाऊ संदेश मोठा ड्रम.

बाबा काही गरीब स्वभावाचे नाहीत. घरातल्या चपला रांगेत नसल्या तर जेवण सोडून उठतात. पलटणीत असं होतं, पलटणीत तसं होतं, हे ऐकून आमचे कान किटले आहेत. पण एक गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही तरी आम्हाला माहीत होती. आमचा बँड चौदा एप्रिलला वाडीत वाजतो आणि साकवापर्यंत जाऊन परत फिरतो. साकवापलीकडे, गावच्या रस्त्याने शाळेपर्यंत, त्यांना एकदा वाजवत जायचं होतं. त्या शाळेच्या ओट्यावर, वर्गाच्या बाहेर बसून माझे आजोबा अक्षरं शिकले होते. आणि त्याच हिवाळ्यात बाबांची छाती भरली. डॉक्टरांनी फुंकायचं बंद करा म्हणून सांगितलं. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ता, डिसेंबरअखेरच्या शाळेच्या शताब्दीला.

शताब्दीची सभा शाळेतच झाली. कमिटीचे अध्यक्ष भागोजी, बाबांच्याच वर्गातले. शेतकरी माणूस, तोंडाने गोड आणि कधीही ठाम काही न बोलणारा. प्रमुख पाहुणा म्हणून समर्थला बोलावलं होतं. समर्थ वरच्या आळीतला, माझ्या वर्गात होता. आता लंडनला मोठ्या नोकरीत आहे आणि ब्रिटिश नागरिक झाला आहे. ते त्याच्याकडून एकदा ऐकलं नाही असं माणूस गावात उरलं नव्हतं.

सभा चांगली चालली होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. मुख्याध्यापिका बाई घाटावरच्या, त्यांना गावातले आतले धागे माहीत नाहीत. त्यांनी सरळ सुचवलं की मिरवणुकीत पुढे हवालदारांचा बँड असावा. कुणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही. भागोजी हं हं करत होते. बाबा ताठ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. दोन मिनिटं अजून गेली असती तर विषय मंजूर होऊन गेला असता.

पण आमच्या दिवट्याला राहवलं नाही. केतन उठला आणि सगळ्यांना सांगू लागला की बाबा जी चाल वाजवतात ती साधीसुधी नाही, ती स्कॉटलंडची देशभक्तीची कूच आहे. तिकडे मॅचच्या आधी लोक उभं राहून तिच्यावर गातात, इंग्लंडच्या नाकावर टिच्चून. आम्ही घरी तिला बाबांची चाल म्हणत होतो. बाबांच्या लेखी ती पलटणीची चाल होती. ती मुळात कोणाची, हे आयुष्यभर कुणी विचारलं नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नव्हतं.

समर्थ खुर्चीत सावरून बसला. म्हणाला की मग तर ती चाल नकोच. ते फुटीरांचं संगीत आहे, देश तोडायला निघालेल्यांचं. आपण स्वतः ब्रिटिश नागरिक आहोत, आपल्यासमोर आपल्याच गावात ते वाजणं बरं दिसणार नाही. केतन म्हणाला, स्कॉटलंड हा देशच आहे, तोडायचा प्रश्न कुठे येतो. समर्थने विचारलं की मग तुझ्या देशाचा पासपोर्ट दाखव. केतनने विचारलं की लंडनमध्ये तुला लोक ब्रिटिश म्हणतात का, की विचारतात मूळचा कुठला? समर्थचे कान लाल झाले. मग दोघे इंग्रजीवर घसरले आणि राजा, पार्लमेंट, तेल, मतदान असलं काहीबाही एकमेकांच्या अंगावर फेकू लागले. साकवाच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक, आणि भांडण कशाचं, तर लंडन मोठं की ग्लासगो! गावाला फुकटचा तमाशा मिळाला. मागून कोणीतरी म्हणालं, "दोन इंग्रजांची जुंपली रे."

"मी इंग्रज नाही," केतन ओरडला.

सगळे हसले. त्या हसण्यातून वरच्या आळीतल्या बाबू पाटलाचा आवाज आला, अगदी शांत. "मग काय हाईस? वाडीतला हाईस. बस खाली."

हसणं थांबलं. केतन बसला. बाबांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते समोर भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. मी भागोजींकडे बघितलं, तर ते चष्मा पुसत होते. कुणीतरी बाबूला काही बोलेल म्हणून मी थांबले.

बोलला तो समर्थ, आणि तोही प्रवचन. म्हणाला, हाच तर मुद्दा आहे, माणसाने असं वेगळेपण धरून बसू नये. एका देशात राहायचं तर एकाच नावाने राहावं. वेगळं नाव, वेगळा झेंडा, वेगळी चाल, याने मनं तुटतात. हे सगळं तो स्कॉटलंडबद्दल बोलत होता, पण बघत होता आमच्या बाकाकडे.

माझ्या हातात पत्रिकेचा कच्चा मजकूर होता. सभेच्या सुरुवातीला वाटला होता, कुणी काही बोललं नव्हतं. मी उठले आणि मोठ्याने वाचला. "समस्त ग्रामस्थ व बौद्धवाडी यांनी अगत्यपूर्वक उपस्थित राहावे."

"मग?" भागोजी म्हणाले.

"हा मधला 'व' कशाला?" मी विचारलं. "समस्त ग्रामस्थांत आम्ही नसतो का? गावात सात वाड्या आहेत. बाकी सहांना 'व' लागत नाही."

थोडा वेळ कुणाला कळेना मी कशाबद्दल बोलते आहे. बाई कागद परत परत वाचत होत्या. भागोजी म्हणाले की पूर्वीपासून तसंच छापतात, वाडीला मान मिळावा म्हणून वेगळा उल्लेख करतात. मी म्हटलं, एवढा मान असेल तर एकदा असं छापा: समस्त बौद्धवाडी व ग्रामस्थ. मी समर्थला म्हटलं, "तू आत्ता म्हणालास ना, एकाच नावानं राहावं? काढ मग हा 'व'."

समर्थ हुशार आहे, मला मान्य करावं लागेल. तो लगेच म्हणाला, बरोबर आहे, काढलाच पाहिजे. काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. मी घरी आले ती लढाई जिंकल्यासारखी. आईने विचारलं, बँडाचं काय ठरलं? तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बँडाचं काहीच ठरलं नव्हतं.

पत्रिका छापून आल्या. भागोजींनी स्वतः आणून दिली. 'समस्त ग्रामस्थांनी अगत्यपूर्वक उपस्थित राहावे.' 'व' गेला होता आणि त्याच्याबरोबर वाडीही गेली होती. त्याने मला वाईट वाटलं नसतं, तेच तर मागितलं होतं. पण खाली कार्यक्रम होता. मिरवणूक, आणि तिच्यापुढे रत्नागिरी शहरातलं ढोलपथक. बँडाचं नाव नाही.

मी भागोजींना विचारलं. ते पायरीवर उभे, वर येत नव्हते. म्हणाले, "तूच बोललीस ना, एक करा. एक गाव म्हटल्यावर वाडीचं वेगळं पथक कशाला? समर्थचं म्हणणं पडलं तसं. आमी काय करनार?"

वेगळं म्हणून घेतलं तर शेपटाला, आणि एक म्हणून घेतलं तर गायब! केतन आतून बाहेर आला आणि त्याला तर आनंदच झाला, कारण त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. म्हणे स्कॉटलंडचं हुबेहूब असंच झालं, एक करून घेतलं आणि नाव पुसलं. आपण आता वेगळा कार्यक्रम करू, वाडीचाच, शताब्दीच्या दिवशीच.

बाबा आत कॉटवर होते. तिथूनच त्यांनी केतनला सांगितलं, "तुजं स्कॉटलंड घाल चुलीत."

त्या रात्री आमच्या घरात जे झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलं. बाबा केतनला म्हणाले की तू तोंड उघडलं नसतंस तर आज पत्रिकेत माझं नाव असतं. मला म्हणाले की तुला अक्षरं मोजायची कुणी सांगितली होती? 'व' राहिला असता तर राहिला असता, वाजवायला तर मिळालं असतं. मी म्हटलं, वाजवायला मिळावं म्हणून तुम्ही काय काय गिळणार? ते म्हणाले, पलटणीत मी काय गिळलं ते तुला माहीत नाही. आणि मग खोकल्याने त्यांना बोलू दिलं नाही. आई पाणी घेऊन आली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "शिकवलं ते हेच्यासाठी? बापाचा श्वास संपत आला नि तुमी कोनता देश कुनाचा ते भांडतायव."

बाबा आमच्याशी बोलेनासे झाले. पण रोज सकाळी पाइप काढून पिशवीला तेल लावत. केतनने ग्लासगोहून नव्या पात्या आणल्या होत्या, पाइपच्या आत बसतात त्या. आमच्या दमट हवेत जुन्या नरम पडून सूर सोडत. बाबांनी त्या घेतल्या, बसवल्या, आणि केतनशी मात्र अवाक्षर काढलं नाही.

शताब्दीच्या सकाळी ते पलटणीचा कोट घालून पडवीत उभे राहिले. पदकं लावलेली. आईने विचारलं, कुठे निघालात? त्यांनी खिशातून पत्रिका काढली. "समस्त ग्रामस्थांनी यावं, असं लिवलंय. मी ग्रामस्थ हाय. यायचं हाय ज्यांना ते येवा." आणि संदेशला म्हणाले, ड्रम घे.

आम्ही साकवाकडे उतरलो तेव्हा वर देवळापाशी ढोल सुरू होते. मिरवणूक देवळाकडून निघून आमच्या साकवाच्या तोंडाशी वळते आणि मग शाळेकडे जाते. आम्ही साकव ओलांडून त्या वळणावर उभे राहिलो, रस्त्याच्या मधोमध. बाबा पुढे, मागे आणखी दोघे पाइपवाले, मग मी, संदेश. केतन सर्वांत मागे, हातात काही नाही, डोक्यावर ती टोपी. मी ड्रमच्या काड्या घट्ट धरल्या.

ढोल आम्हाला बघून थांबले. पुढे समर्थ होता, फेटा बांधलेला. शेजारी भागोजी, मागे लेझीम घेतलेली पोरं. बाबू पाटील घाईघाईने पुढे आला, पण समर्थने त्याला हाताने अडवलं. लंडनला राहिल्याने एवढी सभ्यता आली असावी. तो बाबांना म्हणाला, "हवालदार, या ना तुम्ही, मिरवणुकीत मागे या. वाजवा पण. फक्त ती चाल नको. आपली काहीतरी वाजवा, देशभक्तीची."

"ही देशभक्तीचीच हाय," बाबा म्हणाले.

"पण कुठल्या देशाच्या?"

बाबांनी काखेतली पिशवी फुंकून भरली होती. चेहरा लाल झाला होता. त्यांनी तोंडातली नळी बाजूला केली. "समर्थ, ही चाल मी बर्फात वाजवली. मेलेल्या पोरांच्या पेट्यांपुढं वाजवली. तवा कुनी विचारलं नाय कुटल्या देशाची. आता पिशवी भरल्याय. बाजूला हो."

नळी परत तोंडात गेली. आधी त्या लांब नळ्यांचा घुमारा निघाला, दोन्ही अंगांच्या दगडी गडग्यांवरून फिरला, आणि मग चाल. माझे हात आपोआप पडले. बाबांनी डावा पाय टाकला. समर्थ जागचा हलेना. बाबा त्याच्या दिशेने सरळ चालत गेले, नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे, आणि शेवटच्या पावलाला समर्थ बाजूला झाला. बाजूला गटार होतं. त्याचा एक पाय जांभ्याच्या चिऱ्यावरून घसरून आत गेला. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

बाबा वळले आणि शाळेची वाट धरली, आम्ही त्यांच्या मागे. मिरवणूक आमच्या मागून आली, कारण रस्ता एकच होता. ढोलवाले भाड्याचे, त्यांना काय, त्यांनी आमचा ताल पकडला. लेझीमवाली पोरं तर केव्हाच पावलं टाकायला लागली होती. दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसं बाहेर आली होती. काही बघत राहिली. एका घराने दार लावून घेतलं, तेही मी बघितलं आणि लक्षात ठेवलं.

शाळेच्या चढावर बाबांचा श्वास तुटला. चाल चालू होती, पण आत भरायला वारा नव्हता. ते कोपराने पिशवी दाबून होता तेवढा वारा ओढत होते आणि सूर खाली घसरत होता. मागच्या दोघा पोरांनी जोर धरला. मी ड्रम वाढवला. फाटकातून आत शिरेपर्यंत बाबा थांबले नाहीत. मग ओट्यावर बसले, वर्गाच्या बाहेर, आणि बराच वेळ उठले नाहीत. बाईंनी त्यांना व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी हाताने नको म्हटलं. केतन पुढे जाऊन त्यांच्या पायाशी उकिडवा बसला आणि त्यांच्या बुटांची नाडी सोडू लागला. बाबांनी त्याच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, एवढंच.

संध्याकाळी माझा मोबाइल वाजू लागला. कुणीतरी मिरवणुकीचा व्हिडिओ काढला होता आणि तो समर्थने टाकला होता. स्वतः गटारात गेला ते वगळून. लेझीमवाली पोरं, बाबांची पदकं, पाइपचा आवाज, मागे शताब्दीसाठी उभारलेल्या गुढ्या. खाली त्याने लिहिलं होतं, 'आमच्या गावचा बँड. अभिमान वाटतो.' लंडनहून, दुबईहून, मुंबईहून लोक वाहवा करत होते.

केतन मला मोबाइल दाखवत नुसता नाचत होता. "बघ. बघ. जिंकला की ब्रिटिश." त्याला खाली उत्तर लिहायचं होतं. मी म्हटलं, लिही, मीही लिहिते.

पण बाबांनी मोबाइल मागून घेतला. व्हिडिओ बघितला, परत बघितला. मग मला म्हणाले, खाली काय लिवलंय ते वाच. मी वाचलं. म्हणाले, परत वाच. "आमच्या गावचा," मी वाचलं. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्या अंगाचा भडका उडाला. ज्याने पत्रिकेतून नाव काढलं त्याच्या एका शब्दावर हा माणूस रडतो! मी त्यांना हे तोंडावर म्हटलं. केतन जाईपर्यंत रोज रात्री ते तो व्हिडिओ लावायला सांगत आणि मी दात-ओठ खात लावून देत होते. जानेवारीच्या सुरुवातीला केतन ग्लासगोला गेला. टोपी विसरून गेला, की ठेवून गेला, माहीत नाही. बाबा ती घालून अंगणात बसत.

मग सव्वीस जानेवारीच्या आधी भागोजी आले. या वेळी पायरीवर थांबले नाहीत, वर पडवीत आले, खुर्चीत बसले आणि आईच्या हातचं पाणीही प्यायले. मी रजेवर होते म्हणून घरी होते. भागोजी फार खुशीत होते. झेंडावंदनाला तालुक्याहून मोठे साहेब येणार होते आणि त्यांनी तो व्हिडिओ बघितला होता. त्यांनी स्वतः विचारलं होतं की तुमच्या गावचा तो बँड आहे ना? त्यामुळे बँड पाहिजेच. आणि पुढे, सगळ्यांत पुढे. हे सांगून त्यांनी पत्रिका दिली.

बाबांनी चष्मा लावला. वाचली. माझ्याकडे दिली. 'समस्त ग्रामस्थ व बौद्धवाडी (बँडसह) यांनी अगत्यपूर्वक उपस्थित राहावे.'

मी तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर केला. पलटणीतला हात.

"भागोजी," बाबा म्हणाले, "हा 'व' परत आला रं."

भागोजी गोंधळले. म्हणाले, छापणाऱ्याकडे जुनाच मजकूर होता, आणि पूर्वीपासून तसंच तर आहे, त्यात एवढं काय. शताब्दीचं निराळं होतं, तेव्हा पाहुणे होते.

बाबा उठले. खुंटीवरची पाइप काढली, तिच्यावरचं आईचं जुनं लुगडं सोडलं. ओठ लावून सावकाश पिशवी भरली, मधे दोनदा थांबून. मला वाटलं की वाजवणार. मला वाटलं, आत्ता हा माणूस हो म्हणणार आणि मी आयुष्यभर याला माफ करणार नाही.

त्यांनी भरलेली पाइप भागोजींच्या मांडीवर ठेवली. पडू नये म्हणून भागोजींनी ती दोन्ही हातांनी कवटाळली.

"समर्थनं लिवलंय, गावचा बँड," बाबा म्हणाले. "मग गावाला सांग वाजवायला."

भागोजींच्या हातांखाली पिशवी दबली आणि तिच्यातून एक लांब, बेसूर कळवळा निघाला. ते दचकले, पण सोडता येईना, कारण सोडली तर खाली पडली असती. बाबा आत जाऊन चपला रांगेत लावू लागले. आई विचारत होती की भागोजींना चहा ठेवू का.